सकाळी दोन मोजे, संध्याकाळी चार

आमच्या साताऱ्याच्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास एक नेमाचे काम चालते आणि मी ते गेली वीसएक वर्षे पाहत आले आहे. माझे धाकटे दीर कामावरून येतात, ओट्याच्या कडेला बसतात, डाव्या पायाची विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळतात, कृत्रिम पाय सैल करून काढतात आणि बुटासकट भिंतीला टेकवून उभा करून ठेवतात. मग उरलेल्या पायावरचे मोजे एकेक करून उतरवतात. गुडघ्याखाली वीतभर राहिलेल्या त्या भागाला ते फौजी सवयीने ‘स्टंप’ म्हणतात. सकाळी घरातून निघताना स्टंपवर दोन मोजे असतात, संध्याकाळी चार निघतात. दिवसभर वावरून स्टंप आकसतो, सकाळी घट्ट बसलेले सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची ज्यात स्टंप बसतो ती वाटी, दुपारपर्यंत सैल होते आणि सैल सॉकेटमध्ये पाय वरखाली घासला की कातडी सोलवटते. म्हणून जेवणाच्या सुट्टीत एक आणि चारच्या चहाला एक असे मोजे वाढवावे लागतात. शेवटचा, अगदी आतला मोजा निघाला की भाऊजी तो उजेडात धरून पाहतात. त्यावर लाल ठिपका नसेल तर तो दिवस चांगला गेला.

मी एका कारखान्याच्या पर्सोनेल विभागात अठ्ठावीस वर्षे नोकरी केली. माणसे नेमणे, त्यांच्या रजा, बढत्या, बदल्या आणि राजीनामे कागदावर उतरवणे हे माझे काम होते, आणि ते मला चांगले येते असा माझा समज होता. नोकरी म्हणजे काय हे मला खरे कळले ते मात्र या मोज्यांवरून. जखमी होऊन घरी आलेल्या सैनिकाला नोकरी ‘लावून देणे’ एवढ्यावरच आपण सारे समाधान मानतो. ती लागली की पेढे वाटतो आणि विषय संपवतो. पण ज्या पायावर तो माणूस नोकरीला उभा राहतो तो पाय सकाळी एका मापाचा असतो आणि संध्याकाळी दुसऱ्या मापाचा, यंदा एका मापाचा आणि पाच वर्षांनी तिसऱ्या मापाचा. सॉकेटचे माप पुन्हा पुन्हा घ्यावे लागते हे पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातल्या तंत्रज्ञाला ठाऊक असते. नोकरीचेही माप तसेच पुन्हा पुन्हा घ्यावे लागते, हे मात्र नोकरी देणाऱ्यांच्या गावी नसते, आणि माझ्याही नव्हते.

भाऊजी 1994 मध्ये भरती झाले. सातारा जिल्ह्यात ही काही वेगळी गोष्ट नाही. आमच्यापासून जवळच असलेल्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जवान कामी आले होते. संसदेवरील हल्ल्यानंतर 2001-02 मध्ये ऑपरेशन पराक्रम झाले, पश्चिम सीमेवर सैन्य उभे राहिले आणि फार मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरले गेले. युद्ध झाले नाही, पण पेरलेले सुरुंग काढावे तर लागणारच होते. वाळू सरकते, पावसाने जमीन बसते आणि नकाशावर जिथे खूण असते तिथे सुरुंग सापडत नाही. पेरताना आणि काढताना अनेक जवान जखमी झाले. 2003 च्या सुरुवातीला राजस्थानात भाऊजी त्यांतले एक ठरले. त्यांचे वय तेव्हा अठ्ठावीस होते आणि नोकरीची नऊ वर्षे झाली होती.

पुढचे दीड वर्ष रुग्णालये, मेडिकल बोर्ड आणि पुणे यांत गेले. पुण्यातले कृत्रिम अवयव केंद्र 1944 चे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले. त्याहून जुनी संस्था खडकीला आहे: क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने 1917 मध्ये ती मुंबईत सुरू झाली आणि नंतर खडकीला आली. पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून परतलेल्या हिंदी सैनिकांना कसब शिकवून पोटापाण्याला लावायचे, हा तिचा हेतू होता. मला या तारखेचे फार वाटते. लाकडी पायाबरोबर हातात एखादे कसबही द्यावे लागते, एवढी गोष्ट आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कळलेली होती. खडकीलाच 1974 मध्ये पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभे राहिले. म्हणजे अवयव, कसब आणि निवारा या तिन्हींची सोय एका शहरात आहे, आणि ती माणसे ती मनापासून करतात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अडचण त्या शहराच्या फाटकाबाहेर पडून माणूस आपल्या गावच्या एसटी स्टँडवर उतरतो तिथून सुरू होते.

बोर्डाने भाऊजींना सैन्यातून मुक्त केले. सैन्याच्या भाषेत ‘बोर्ड आउट’. शेप-1 चा, म्हणजे वैद्यकीय तपासणीत पूर्ण तंदुरुस्त ठरलेला जवान खालच्या मेडिकल कॅटेगरीत गेला तरी अनेकदा युनिट त्याला बसून करण्याजोगे काम देऊन सांभाळून घेते, आणि काहींनी तर त्याहून पुढची मजल मारली आहे. मुंबईचे इयान कार्डोझो 1971 च्या युद्धात सुरुंगावर पाय पडून जखमी झाले, स्वतःच्या खुकरीने त्यांनी तो पाय कापला, आणि नंतर शारीरिक चाचण्या देऊन बटालियनचे आणि ब्रिगेडचेही नेतृत्व केले. मेजर जनरल होऊन ते निवृत्त झाले. पण प्रत्येक युनिटमध्ये प्रत्येक जखमी जवानाला जागा होतेच असे नाही. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, असे 1995 च्या कायद्यात होते आणि 2016 च्या कायद्यातही आहे. लढाऊ पदांना मात्र त्यातून सूट दिली गेली. त्यामागचे कारण मला समजते. तरीही कारकुनाला जे संरक्षण आहे ते सुरुंग काढणाऱ्याला नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

घरी आल्यावर शेजारपाजारचे पहिले वाक्य होते, “पेन्शन आहे ना? मग आता काय काळजी?” पेन्शन होती, आहे, आणि तिच्याबद्दल कृतज्ञता आहे. पण पेन्शनचा अपंगत्वाचा भाग टक्केवारी आणि शेवटचा पगार यांवरून ठरतो, आणि अठ्ठावीस वर्षांच्या जवानाचा शेवटचा पगार तो किती असणार? त्यांच्या बरोबरीचे पुढे हवालदार झाले, एकदोघे नायब सुभेदार होऊन परतले. भाऊजींची रँक जिथे सुरुंग फुटला तिथेच थांबली. शिवाय पैशांपलीकडचे एक आहे. पहाटे साडेचारला उठायची सवय लागलेला माणूस साडेचारला उठतो, दाढी करतो, बूट चकचकीत करतो आणि मग दिवसभर ओट्यावर बसतो, हे पाहणे फार अवघड असते. त्या काळात भाऊजी रोज दोन्ही बुटांना पॉलिश करीत. कृत्रिम पायालाही बूट लागतोच.

पहिली नोकरी मी पाहून दिली. आपल्याकडे माजी सैनिक म्हटले की डोळ्यांसमोर फाटक, शिट्टी आणि गणवेश येतो. माझ्याही डोळ्यांसमोर तेच आले. पुण्यात एका मोठ्या गृहसंकुलाला सुरक्षारक्षक हवे होते, ‘माजी सैनिकास प्राधान्य’ अशी जाहिरात होती, ओळखीने शब्द टाकला आणि आठ दिवसांत नेमणूक झाली. घरी पेढे आले. बारा तासांची पाळी होती आणि ती उभ्याने करायची होती. फाटकावर खुर्ची नव्हती, कारण बसलेला वॉचमन रहिवाशांना बरा दिसत नाही, असे तिथल्या व्यवस्थापकाचे म्हणणे होते. गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाला तेवढेच अंतर चालायला साधारण पाव पट अधिक शक्ती लागते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. एका जागी उभे राहणे चालण्यापेक्षाही वाईट, कारण सगळा भार सॉकेटच्या त्याच कडांवर पडत राहतो, हेही माहीत नव्हते. भाऊजींनी सांगितले नाही. फौजेत ड्युटी बदलून मागत नाहीत. मे महिन्यात घामाने स्टंपला फोड आले, ते फुटले, तरी वर मोजे चढवून ते उभे राहिले आणि जखम चिघळली तेव्हा पंधरा दिवस घरी पडून राहिले. असे दोनदा झाले. सातव्या महिन्यात त्यांना पत्र मिळाले, त्यात कारण दिले होते: वारंवार गैरहजेरी.

ते पत्र वाचताना मला जे वाटले ते आजही स्पष्ट आठवते, कारण हेच दोन शब्द मी माझ्या टेबलावर कितीतरी फायलींत लिहिले होते. गैरहजेरीचे दिवस मोजायला मला शिकवले होते. तो माणूस त्या दिवशी कुठे होता आणि का होता, हे विचारायला कोणी शिकवले नव्हते आणि मीही आपणहून शिकले नव्हते.

दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज लिहायला आम्ही दोघे बसलो तेव्हा आणखी एक अडचण पुढे आली आणि ती भाषेची होती. अनुभवाच्या रकान्यात भाऊजींनी लिहिले होते, ‘सैन्यात शिपाई, नंतर लान्स नायक, एकूण नऊ वर्षे.’ दोन ठिकाणी तो अर्ज वाचून त्यांना शिपायाचीच नोकरी देऊ केली गेली, म्हणजे ऑफिसात चहा द्यायचा आणि फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या. आपल्या मराठीत रायफल घेऊन सीमेवर उभा राहणाऱ्यालाही शिपाई म्हणतात आणि साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसणाऱ्यालाही. दोन्ही कामे प्रामाणिकपणाची आहेत, पण त्या एका शब्दात नऊ वर्षांचे शिक्षण बुडून जाते. मी विचारले, “भाऊजी, दिवसभर नेमकं काय करायचात?” ते म्हणाले, “ड्युटी.” मी पुन्हा विचारले. “जी सांगतील ती ड्युटी, वहिनी.” तासभर मी खोदून खोदून विचारत राहिले तेव्हा कुठे कळले, की शेवटची तीन वर्षे ते कंपनीच्या कोतमध्ये होते.

कोत म्हणजे युनिटची शस्त्रे ठेवण्याची जागा. प्रत्येक रायफलीचा नंबर, ती कोणाच्या नावावर दिली, किती वाजता गेली, किती वाजता आली, साफ होऊन आली की नाही, तिचा कोणता भाग दुरुस्तीला गेला, हे सारे रजिस्टरवर चढवायचे. सकाळ-संध्याकाळ मोजणी करायची. एक वस्तू कमी भरली तर ती सापडेपर्यंत कोणीही जागचे हलायचे नाही. भाऊजींना शंभरावर रायफलींचे नंबर पाठ होते. मी कागदावर लिहीत गेले आणि माझ्या लक्षात येत गेले, की मी ज्या कारखान्यात काम करते तिथल्या टूल स्टोअरला नेमका हाच माणूस हवा आहे. ड्रिल, टॅप, रीमर, इन्सर्ट, गेज, मायक्रोमीटर अशी कापायची आणि मापायची हत्यारे पाळीगणिक बाहेर जायची आणि त्यांतली काही परत यायचीच नाहीत. वर्षअखेरीला आम्ही ते ‘तूट’ म्हणून लिहून टाकत असू.

नातेवाईक म्हणून मी निवडीच्या वेळी खोलीबाहेर राहिले आणि तसे लेखी दिले. प्लांट मॅनेजरांनी त्यांना स्टोअरमध्ये नेले, रॅक दाखवले आणि काय करशील असे विचारले. भाऊजींनी विचारले, “साहेब, इथं मोजणी किती वाजता होते?” तिथे मोजणी वर्षातून एकदा होत असे. 2006 च्या जूनमध्ये ते रुजू झाले.

ही नोकरी टिकली, म्हणून ती कशामुळे टिकली हे मी जरा सविस्तर लिहिते. कारण मदत करू इच्छिणारे लोक मला नेहमी मोठ्या योजनांबद्दल विचारतात आणि मला आठवतात त्या फार लहान गोष्टी. काउंटरला एक उंच स्टूल आणले, म्हणजे बसलेला माणूस समोर उभ्या असलेल्या ऑपरेटरच्या नजरेच्या पातळीवर येतो आणि उठ-बस करावी लागत नाही. जड वस्तू रॅकच्या कमरेइतक्या उंचीच्या कप्प्यात आल्या, हलक्या वर आणि खाली गेल्या. यंत्रांवर काम करणाऱ्या लोकांच्या बुटांबरोबर यंत्रे थंड ठेवणाऱ्या कूलंटचे तेल स्टोअरपर्यंत येते आणि कृत्रिम पावलाला जमिनीची ओल कळत नाही. म्हणून काउंटरमागे रबरी मॅट टाकली. रॅकच्या आड एक बाकडे ठेवले आणि पडदा लावला, म्हणजे दिवसातून दोनदा पाय काढून, स्टंप पुसून, मोजा वाढवता येईल. बाकडे भाऊजींनी मागितले नव्हते, पडदाही नाही. आधी ते यासाठी संडासात जात आणि तिथल्या ओल्या फरशीवर एका पायावर उभे राहून मोजे बदलत. या सगळ्याला जो खर्च आला तो एकदोन चांगल्या मायक्रोमीटरच्या किमतीत बसला असेल, आणि पहिल्याच वर्षी हरवायचे थांबलेले मायक्रोमीटर त्याहून अधिक होते.

पैशांपेक्षा वेळ मिळवणे कठीण गेले. दिवसातून दोनदा दहा मिनिटे, आणि अधूनमधून पुण्याला नवे सॉकेट घ्यायला आठ-दहा दिवस. तिथे साचा घेतात, सॉकेट करतात, चालवून पाहतात, जिथे टोचते तिथे घासतात, पुन्हा चालवतात. घाईने केलेले सॉकेट म्हणजे पुढचे सहा महिने जखम. हे दिवस आजारपणाच्या रजेत धरायचे, बिनपगारी धरायचे की कामावर धरायचे, यावर आमच्याकडे तीन बैठका झाल्या. अखेर ते कामाचे दिवस धरावेत असे ठरले, पण ते एका मॅनेजरांच्या चांगुलपणावर ठरले, आणि चांगुलपणा बदली होऊन जातो. म्हणून मला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे मोल वाटते. वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच, असे त्या कायद्याच्या व्याख्येत लिहिले आहे. आणि 2017 च्या नियमांप्रमाणे 20 किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधीचे धोरण जाहीर करून कोणती पदे व कोणत्या सोयी देणार हे त्यात सांगायचे आहे. मी निवृत्त होण्यापूर्वी आमच्या धोरणात ‘कृत्रिम अवयवाची मोजमापे व दुरुस्ती यांसाठीचे दिवस’ हे शब्द घालून घेतले. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतली ही एक ओळ मला सर्वांत जवळची आहे.

आरक्षण आहेच, आणि ज्यांना ते मिळू शकते त्यांनी ते जरूर घ्यावे. महाराष्ट्रात सरकारी भरतीत गट क आणि गट ड च्या पदांत माजी सैनिकांसाठी 15 टक्के समांतर आरक्षण आहे, दिव्यांगांसाठी 4 टक्के आहे; केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत गट क आणि गट ड मध्ये माजी सैनिकांच्या राखीव वाट्यातच एकूण जागांपैकी 4.5 टक्के जागा युद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी आणि हुतात्म्यांच्या अवलंबितांसाठी आहेत. पण जखमी होऊन लवकर परतलेला तरुण नेमका या जाळ्याच्या छिद्रातून गळतो. पंधरा वर्षे नोकरी झालेल्या दहावी पास सैनिकाला गट क च्या अनेक पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरतात. ज्याची नोकरी सुरुंगाने नवव्या वर्षी संपवली त्याला ही सवलत नाही, आणि उरलेली सहा वर्षे तो कुठून आणणार? दिव्यांग आरक्षणाला किमान 40 टक्के अपंगत्व लागते. सियाचीनच्या हिमदंशाने एका पावलाची सगळी बोटे गेलेला माणूस त्या मोजपट्टीवर 40 पर्यंत पोचत नाही, मग उतारावर त्याचा तोल जात असला तरी. शिवाय सैन्याच्या बोर्डाचे कागद एकीकडे आणि सिव्हिल हॉस्पिटलचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, दुसरीकडे. एकच पाय दोन ठिकाणी दाखवावा लागतो.

निवृत्तीनंतर मी शनिवारी अशा कागदांसाठी ओळखीच्या लोकांना मदत करते. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, बोर्डाची कार्यवाही यांच्या प्रती लावणे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कोणता अर्ज द्यायचा ते सांगणे, आणि मुख्य म्हणजे समोर बसून ‘दिवसभर काय करायचात’ हे विचारणे. तोफखान्यातला एक जण आला होता. वर्षानुवर्षे तोफेशेजारी राहून त्याचे ऐकणे बरेच कमी झाले होते, आणि त्याला काम मिळाले होते ते ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात फोन घेण्याचे. गाड्यांचे नंबर चुकीचे ऐकू येत, मग त्याच्यावर ओरड होई, आणि ओरडलेले मात्र त्याला चांगले ऐकू येई. त्याला काढू नका, फोनवरून हलवून गाड्यांच्या देखभालीच्या नोंदींवर बसवा, एवढे मालकाला पटवायला दोन फेऱ्या लागल्या. आज तो तिथेच आहे.

एका माणसाचे मात्र मला जमले नाही, आणि ते सांगितल्याशिवाय हे लिखाण खरे होणार नाही. त्याचे हातपाय धड होते. काश्मीरमध्ये झालेल्या एका स्फोटात बरोबरचे दोघे गेले आणि हा वाचला. एका गोदामात तो चांगले काम करीत होता. दिवाळीच्या आठवड्यात त्याने सुट्टी मागितली, कारण फटाक्यांच्या आवाजाने त्याला घाम फुटे, हात थरथरत, आणि ते लोकांसमोर होऊ नये असे त्याला वाटे. दिवाळीत सुट्टी सगळ्यांनाच हवी असते; त्याला खरे कारण विचारले गेले आणि त्याने ते सांगितले. “फौजी असून फटाक्याला घाबरतोस?” असे सुपरवायझर हसत म्हणाला. त्याच्या मनात वाईट नसेलही. हा माणूस दुसऱ्या दिवसापासून गेला नाही. मी त्याच्या घरी गेले, मालकाशी बोलले, मालकाने परत यायला सांगितले, पण तो आला नाही. कापलेल्या पायाला निदान रजा मागता येते. जे दिसत नाही त्याला काय नाव देऊन रजा मागायची, याचे उत्तर मी त्याला वेळेवर देऊ शकले नाही. आता कोणी असा आला तर मी नेमणुकीच्या दिवशीच, त्याच्या परवानगीने, वरिष्ठांशी एकदा खासगीत बोलून ठेवते: हा माणूस अमुक आठवड्यात सुट्टी मागेल, त्याला कारण विचारू नका.

भाऊजींची नोकरीही एकदा जायला आली होती. 2014 मध्ये कारखान्यात नवी यंत्रे आली, जागा कमी पडली आणि टूल स्टोअर पोटमाळ्यावर हलवायचे ठरले. लोखंडी जिना, सतरा पायऱ्या. आराखडा काढणाऱ्या मुलाने मोजमापे अचूक घेतली होती. त्या जिन्यावरून रोज कोण चढणार हे त्याला कोणी सांगितले नव्हते. भाऊजी गप्प राहिले. घरी येऊन त्यांनी राजीनामा लिहिला आणि माझ्यापाशी दिला, जणू मी घरातही पर्सोनेलची अधिकारी होते. मी तो घेतला नाही. त्या रात्री आमची बरीच बोलाचाली झाली. ते म्हणाले, “एका माणसासाठी सगळ्यांनी अडचण सोसायची, हे मला पटत नाही.” मी म्हणाले, “कोतमध्ये जखमी माणसाला तुम्ही काय सांगितलं असतं?” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी काउंटर खाली राहिला, रोज लागणाऱ्या वस्तू खाली राहिल्या, आणि महिन्यातून एकदा लागणाऱ्या वस्तू वर गेल्या. वर जायला एक शिकाऊ मुलगा दिला. त्याच सुमारास नोंदी संगणकावर गेल्या. भाऊजी चाळिशीला आले होते आणि दोन बोटांनी टंकत होते, पण रजिस्टरची शिस्त अंगात होती, म्हणून तीन महिन्यांत जमले. रजिस्टर त्यांनी अजून बंद केलेले नाही. दोन्हीकडे लिहितात.

मुरलीकांत पेटकरांचे नाव आता घरोघरी पोचले आहे. सांगली जिल्ह्यातला हा माणूस 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि 1972 मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्याने सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मिळाली ती 2018 मध्ये. शाळेत व्याख्यान द्यायला बोलावले तर मुले मला त्यांच्याबद्दल विचारतात आणि मी आनंदाने सांगते. पण त्यांनी पुण्यात टेल्कोमध्ये, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी केली, हे मी मुद्दाम जोडते. पदकाचा दिवस एक असतो. पाळीचा भोंगा रोज वाजतो, आणि त्या भोंग्याला हजर राहता येईल अशी जागा कोणीतरी केलेली असावी लागते. सात डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी देणाऱ्या, सव्वीस जानेवारीला शाल-श्रीफळ देणाऱ्या हातांबद्दल मला आदर आहे. त्या हातांनी आपल्या ऑफिसात एक खुर्चीही ठेवावी, इतकीच माझी विनंती आहे.

गेल्या महिन्यात भाऊजींबरोबर मी पुण्याला गेले होते. त्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली, स्टंप आणखी बारीक झाला आणि सकाळीच तीन मोजे लागू लागले होते, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाचसहा. तंत्रज्ञाने ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतला, हाडाच्या कडेला आणि जुन्या व्रणाला पेन्सिलने खुणा केल्या, आणि या खेपेला आतले अस्तर मऊ घालू असे म्हणाला. चार दिवसांनी नवे सॉकेट चढवून भाऊजी दोन दांड्यांच्या मधून चालत होते. एक हात दांडीवर, मग दोन्ही हात सोडून. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. स्टोअरमधून शिकाऊ मुलाचा होता. तंत्रज्ञाने हातानेच थांबायची खूण केली आणि भाऊजी दांड्यांच्या मध्येच, आधार न घेता उभे राहिले.

“आठचा टॅप? तिसरा रॅक, डाव्या हाताला, खालून दुसरा कप्पा. दिसला? नंबर वाच. हां, तोच. सही घेतल्याशिवाय देऊ नको, आणि संध्याकाळी मोजून मला फोन कर.”